झाकण उघडायचं नाही

रविवारी आमच्या घरी स्वयंपाक नसतो, धूर असतो. दोरीवरच्या चादरी धुरकट, माझे केस धुरकट, आणि शेजारीण भिंतीवरून मान उंच करून विचारणार, "वहिनी, काही जळतंय का हो?" तिला उत्तर मी द्यायचं. कारण ज्यांनी हा उद्योग मांडलेला असतो ते परसात खुर्चीत बसलेले असतात, आणि धूर चालू असताना कुणी बोललेलं त्यांना खपत नाही. लोकांचे नवरे निवृत्त झाल्यावर पेपर वाचतात, फिरायला जातात, फार तर बायकोच्या कामात नाक खुपसतात. माझ्या नशिबी हे पिंप आलं.

हे बस चालवायचे. सगळी नोकरी एकाच मार्गावर काढली, आणि वेळेचे इतके पक्के की डेपोत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. 'घड्याळ' म्हणायचे. "घड्याळ आलं का?" "घड्याळ जेवायला बसलंय, आता उठेल." निघायची वेळ झाली की हे दार लावणार, आणि दार लागलं की लागलं. मग बाहेर कुणी हात हलवो, काच ठोको, नाहीतर गळा काढून रडो. "एकासाठी थांबलं तर पुढच्या स्टॉपवर वीस जण ताटकळतात," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ऐकून ऐकून माझे कान किटले.

आणि हाच माणूस आता मटणाचा एक तुकडा सकाळपासून पिंपात ठेवून बसतो, आणि कधी होईल असं विचारलं तर म्हणतो, "होईल तेव्हा होईल." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला होता. म्हटलं, ताप तर नाही ना?

हे पिंप म्हणजे डेपोच्या भंगारातून आणलेला लोखंडी ड्रम. आडवा ठेवून मधोमध कापला, बिजागऱ्या बसवल्या, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. खालच्या अर्ध्यात एका टोकाला कोळसे आणि पेरूची वाळलेली लाकडं, दुसऱ्या टोकाला जाळीवर मटण. विस्तवावर नाही हं, विस्तवाच्या शेजारी. मटणाने नुसतं गरम धुरात बसून राहायचं. झाकणावर एका मोडीत निघालेल्या बसचा इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा बसवलाय. काटा हिरव्या पट्ट्यात राहिला पाहिजे. तांबड्याकडे सरकला की हवेचं भोक बारीक करायचं, खाली आला की लाकूड सारायचं. समोर बसायला त्याच बसची ड्रायव्हरची सीट, स्प्रिंगसकट. धुराड्यासाठी बसचा सायलेन्सरही आणला होता, पण तेव्हा मी सरळ माहेरी जायची धमकी दिली, म्हणून धुराडं तेवढं नव्या पत्र्याचं आहे. आणि पेरूच्या झाडाला टांगलाय बसचा आरसा. तो कशाला? तर स्वयंपाकघरातून कोण झाकण उघडायला येतंय ते पाठ न वळवता दिसावं म्हणून.

झाकण उघडायचं नाही, हा या घरातला पहिला कायदा. उघडलं की ऊब जाते, धूर जातो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी पाय न वाजवता गेले होते. माझा हात मुठीपर्यंत पोचायच्या आत हे म्हणाले, "दिसतेयस."

"मान तरी वळवा!"

"गरज नाही. जन्म गेला आरशात बघण्यात. मागचं माणूस मला दिसलं नाही असं कधी झालेलं नाही."

"कधीच नाही?" मी विचारलं.

यावर हे उगाचच लाकूड सारायला लागले. का ते सांगते.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मी बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन स्टॉपकडे येत होते आणि समोर यांचीच गाडी उभी. मी धावले. धावता धावता चपलेचा अंगठा तुटला, तशीच फरपटत गाडीच्या मागच्या चाकापर्यंत पोचले, पिशवीसकट हात वर केला. दार लागलं आणि गाडी गेली. मी रस्त्यात, धुरळ्यात, एक चप्पल हातात. चांभाराकडून चप्पल शिवून घेतली आणि चालत घरी आले. चपलेचं कुणाला सांगितलं नाही. सांगायचीही लाज वाटत होती. संध्याकाळी हे आले तेव्हा एवढंच विचारलं, "मी धावत होते, दिसले नाही?" तर म्हणाले, "नाही बुवा. दिसलीच नाहीस."

पण डेपोत ही गोष्ट वेगळीच पोचली. कंडक्टरने मला ओळखलं होतं. घड्याळ बायकोसाठीसुद्धा थांबलं नाही, म्हणून यांची पाठ थोपटली गेली, आणि यांनी ती थोपटू दिली. नवीन ड्रायव्हरांना शिकवताना ही गोष्ट सांगायची पद्धतच पडली. म्हणजे डेपोत तत्त्व आणि घरात आंधळेपणा! दोन्ही कसं खरं असेल? पुढे मी विचारायचं सोडून दिलं. संसारात काही खडे तांदळात तसेच राहतात, आपण बघून चावायचं.

आमची एकुलती एक लेक. तिच्या लहानपणी बाबा म्हणजे त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं जेवणाचं ताट. हिच्या शाळेच्या नाटकात हिचं काम शेवटच्या प्रवेशात होतं. हे पहिले दोन प्रवेश बघून ड्युटीवर गेले. वाढदिवसाला केक कापायच्या आधी उठून गेले. पोरगी बोलून दाखवायची नाही, पण मनात ठेवायची. त्या बाबतीत ती बापावर गेलीय. तिला लांब, दुसऱ्या देशात नोकरी लागली. आता दोन-तीन वर्षं तरी येणं होणार नाही. तिने ही बातमी सांगितली तेव्हा मी रडून घेतलं, तिला जवळ घेतलं. हे काय म्हणाले?

"इथून गाडी किती वाजताची?"

"पाचची," ती म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

मला यांना तिथल्या तिथे हलवून विचारावंसं वाटलं, अहो, तोंडात काय मिठाची गुळणी धरलीय का? पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हे पेरूची लाकडं निवडत बसलेले. जाडी बारकी वेगळी, साल काढलेली वेगळी. जायच्या दिवशी लेकीला मटणाचा खांदा खाऊ घालणार होते. म्हणजे बोलायचं ते सगळं हा माणूस धुरातून बोलणार होता. मग मीही मनाशी ठरवलं, काहीही होवो, पोरीने बापाच्या हातचं खाऊन, हसून निघायला हवं. मनात अढी घेऊन गेली तर ती अढी तिकडे दोन-तीन वर्षं मुरेल, आणि मुरलेली अढी सुटत नाही.

आदल्या दिवशी हे खाटकाकडून खांदा घेऊन आले. बघितला आणि मी कपाळावर हात मारला. नेहमीपेक्षा दुप्पट!

"अहो, एवढा?"

"लांब चाललीय ती."

"म्हणून काय तिकडे पोचेपर्यंत पुरवायचाय? आणि याला वेळ दुप्पट लागणार नाही का?"

हे माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत राहिले. "गाडीत माणसं दुप्पट बसली तर गाडी पोचायला दुप्पट वेळ घेते का? भरलेली असो, रिकामी असो, गाडी वेळेवरच पोचते. दुपारी जेवायला तयार."

गाडीत बसलेल्या माणसांना आतून शिजायचं नसतं, हे मी म्हटलं. पण ते ऐकायला हे थांबलेच नव्हते. मीठ-मिरपूड चोळायला गेले होते.

त्या दिवशी उजाडायच्या आधीच हे परसात. मी चहा घेऊन गेले तर धूर नुकताच धरला होता. सुरुवातीला पांढरा, दाट, डोळ्यांत जाणारा. "हा वाईट," हे म्हणाले. थोड्या वेळाने तो पातळ होत गेला आणि धुराड्यातून निळसर, नजर ठरणार नाही असा निघायला लागला. "हा खरा. याच्यावर आता मटण ठेवायचं." तेवढ्या वेळात यांचा चेहरा असा मऊ झालेला असतो की भांडायचं राहून जातं. वर पेरूच्या लाकडाचा गोडसर वास. मला हा वास आवडतो. पण हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका. एकदा कळलं तर सोमवारीसुद्धा पेटवतील.

दुपार झाली. हे उठले, झाकण हवं तेवढंच उचललं, सळई टोचली. सळई लोण्यात शिरल्यासारखी शिरायला हवी असते. ती बोटभर गेली आणि अडली. झाकण बंद.

"अजून नाही," हे म्हणाले.

मी अंडी उकडली, पाव भाजला, लेकीला दिला. ती खिडकीतून परसाकडे बघत चावत होती. "आई, बाबा आयुष्यात कुणासाठी थांबले नाहीत," ती म्हणाली. "आता मटणासाठी थांबलेत."

"तुझ्यासाठीच चाललंय गं ते."

"माझ्यासाठी असतं तर माझ्या वेळेत झालं असतं."

पोरगी खोटं बोलत नव्हती. मी तणतणत परसात गेले. "अहो, बास झालं! काढा आता. कडेकडेचं कापून द्या, कच्चं राहील ते राहू दे."

"आज अर्धंकच्चं देऊ? आज?"

"मग काय उपाशी पाठवणार?"

"काटा हिरव्यात आहे," हे म्हणाले. जणू काही मी काट्याबद्दल विचारलं होतं.

चार वाजता पुन्हा सळई. अर्धी गेली. यांच्या कपाळावर घाम, बनियन काजळलेलं, आणि पहिल्यांदाच मला दिसलं की हे घाबरलेत. भरलेल्या गाडीचा हिशेब चुकलाय हे यांना केव्हाच कळलं होतं. पण आता करणार काय? आच वाढवली तर वरून करपणार, काढलं तर आतून कच्चं. दोन्हींच्या मधे हे सीटवर बसून होते, स्टेअरिंग नसलेल्या गाडीत.

लेक बॅग घेऊन परसात आली. "बाबा, निघते."

"हं. पोचलीस की फोन कर." हे उठले नाहीत. काटा खाली आला होता आणि यांच्या हातात लाकूड होतं. ती मागे उभी राहिली. मी बाजूने बघत होते. दोघं एकमेकांकडे बघत होते, पण आरशात. यांनी लाकूड आत सारलं. ती वळली. माझा असा संताप झाला की ते पिंप उचलून भिंतीपलीकडे शेजारणीकडे टाकून द्यावं.

स्टॉपवर गाडी लागलेलीच होती. ड्रायव्हर लंबू. हा यांच्याच हाताखाली तयार झालेला, ताडमाड उंच, आणि गुरूपेक्षा शिष्य कडक. मला बघून त्याने मान लववली, लेकीची बॅग वर घेतली, आणि लगेच मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. लेकीने मला घट्ट धरलं. "बाबांवर रागावू नकोस," मी म्हटलं. "नाही रागावत," ती म्हणाली, पण ते म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. ती आत जाऊन खिडकीशी बसली. पाच वाजले. दार लागलं.

इंजिन घुरघुरलं, आणि त्याच वेळी कोपऱ्यावरून एक माणूस धावत येताना दिसला. काजळलेलं बनियन, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि छातीशी माझ्या नव्याकोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी वाफाळतंय. मी आधी टॉवेल ओळखला, मग नवरा.

हे दाराकडे गेलेच नाहीत. बंद दाराचा काही उपयोग नसतो हे यांच्याइतकं कुणाला माहीत? सरळ गाडीच्या समोर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. लंबूने हॉर्न दिला. हे हलले नाहीत. आतून कुणीतरी ओरडलं, "अहो आजोबा, जीव नकोसा झालाय का?"

लंबूने खिडकीतून डोकं काढलं. "साहेब, बाजूला व्हा. वेळ झालीय."

"माहीत आहे."

"दार लागलंय. तुम्हीच शिकवलंत, लागलं की लागलं."

"शिकवलं," हे धापा टाकत म्हणाले. "आता उघड."

लंबूने घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. डेपोतली ती गोष्ट त्यालाही पाठ होती. त्यात धावणारी बाई मी, हेही त्याला माहीत होतं. माझा चेहरा काय सांगत होता देव जाणे, पण त्याने खटका ओढला आणि दार उघडलं.

लेक पुढे पायरीपर्यंत आली होती. यांनी पुडकं तिच्या हातात दिलं.

"झालं," हे म्हणाले. "सळई गेली. आरपार."

"बाबा, तुम्ही धावत आलात?"

"लगेच उघडू नकोस. कापडातच राहू दे. रस आत मुरायला हवा. तासभर थांब, मग खा."

"अजून थांबू?" ती म्हणाली, आणि हसायलाच लागली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं आणि ती रडली, पुडकं सांभाळत, पायरीवरच बसून. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांना काजळी लागली. मागून कुणीतरी पुन्हा ओरडलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे गाडीला उशीर होतोय."

"होऊ दे," हे म्हणाले.

सबंध संसारात मी यांच्या तोंडून हे दोन शब्द गाडीच्या बाबतीत ऐकले नव्हते. माझे डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी भयंकर रागही आला. खोटं कशाला बोलू? पोरीसाठी माझं काळीज निवलं होतं, पण आत कुठेतरी ती पिशव्यावाली पोरगी धुरळ्यात उभी होती आणि विचारत होती, आणि माझं काय?

गाडी गेली. लेक दिसेनाशी होईपर्यंत मागच्या काचेतून हात हलवत होती. आम्ही घराकडे निघालो. हे एका चपलेवर लंगडत होते. मी मुद्दाम भरभर चालले.

"जरा हळू," हे म्हणाले.

मी हळू झाले नाही.

"तुझीही त्या दिवशी तुटली होती," मागून आवाज आला. "डाव्या पायातली."

मी थांबले. चपलेचं मी यांना कधी सांगितलं नव्हतं. यांनाच काय, कुणालाच नाही.

हे जवळ आले. माझ्याकडे न बघता आपल्या अनवाणी पायाकडे बघत म्हणाले, "दिसली होतीस तू. आरशात. हात वर केलेला, पिशवी लोंबकळतेय. सगळं दिसलं होतं. थांबलो असतो तर डेपोत हसले असते, असं वाटलं. मग तुला 'दिसली नाहीस' म्हटलं, आणि मग ते तसंच ठेवावं लागलं."

इतकी वर्षं मनात ठरवून ठेवलं होतं की या माणसाने कबूल केलं की काय काय ऐकवायचं. चांगलं पाठ होतं सगळं. त्या क्षणी त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. जे तोंडातून निघालं ते भलतंच होतं.

"अहो, पिंपाचं झाकण लावून आलात का?"

यांचा चेहरा पांढरा पडला.

घरी येऊन बघतो तर झाकण सताड उघडं, काटा पार खाली, विस्तव राखेत गेलेला. ज्या झाकणापायी मला चोरासारखं पकडलं होतं, ते हे स्वतः उघडं टाकून पळाले होते. शेजारणीचं मांजर ड्रायव्हरच्या सीटवर बसून पाय चाटत होतं. लेकीला अर्धा कापून दिल्यावर उरलेल्या खांद्याची एक कड त्याने कुरतडली होती, बाकीचा तसाच होता. वरून काळा खरपूस, आणि सुरी लावली तर आत धुराची गुलाबी झाक, धाग्याधाग्याने सुटणारा. मी कुरतडलेली बाजू कापून मांजराला दिली. उरलेल्यातलं दोन ताटल्यांत घेतलं.

हे उभ्याउभ्या एक घास खाऊन म्हणाले, "अजून तासभर हवं होतं."

मी मांजराला हाकललं आणि त्या सीटवर बसले. आजवर कधी बसले नव्हते. स्प्रिंग चांगल्या होत्या. आरशात मला स्वयंपाकघराचं दार दिसत होतं, पेरूच्या फांद्या दिसत होत्या, आणि ताटली हातात धरून, मी उठण्याची वाट बघत मागे उभे असलेले हेही दिसत होते. मटण कोमट झालं होतं, तरी असं काही लागत होतं की बोलावंसं वाटेना. पण बोलले.

"दिसताय हं तुम्ही मला," मी मान न वळवता म्हटलं. "माझं खाऊन होईपर्यंत थांबा."

ते थांबले.